निळ्या दोरीचा खांब

मी एक जुना खांब आहे. माझ्या डोक्यावर आता छत नाही, तरीही मला खांब म्हणायचं असेल तर म्हणा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंही असेल. रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या कुंपणाआड मी एकटाच उभा आहे. येणारेजाणारे थांबतात, मान वर करून बघतात आणि म्हणतात, "काय मजबूत आहे हो हा!" ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. याच कौतुकानं माझ्या सोबतच्या सगळ्यांचं वाटोळं केलं. कसं ते सांगतो. गोड करून मात्र सांगणार नाही.

आमचं शहर वाऱ्याचं. इथे दारं आपोआप आपटतात आणि वाळत घातलेले कपडे शेजारच्या गल्लीत सापडतात. शिवाय इथली जमीनही गुणाची नाही, मधूनच हादरते. अशा ठिकाणी इमारत बांधायची तर वारा आणि भूकंप दोन्हींचा हिशेब जाणणारं माणूस लागतं. आमच्या मालकाला तसं माणूस मिळालं, पण ते राहायचं दूरच्या शहरात. एक इंजिनीअर बाई होती. अशा कितीतरी शहरांमधल्या इमारती ती आपल्या टेबलावरून सांभाळायची. नकाशे कॉम्प्युटरवरून पाठवायची आणि काम कसं चाललंय ते मोबाइलवर बघायची. बाई हुशार होती आणि कामाला चोख होती. तिच्याबद्दल मला आकस नाही, असं म्हणायची मी रोज खटपट करतो.

मित्रांनो, खांबाचा जन्म काँक्रीटमध्ये होत नाही, सळयांमध्ये होतो. आधी उभ्या सळया लागतात. मग त्यांना कवेत घेणाऱ्या आडव्या रिंगा बांधतात. प्रत्येक रिंगेची दोन टोकं खांबाच्या पोटात आतवर वळवावी लागतात. ती नुसती काटकोनात दुमडली, तर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते, सळया फाकतात आणि खांब मटकन खाली बसतो. हे सगळं बाईंनी माझ्याच वेळी समजावून सांगितलं. मी पहिला खांब होतो. सुपरवायझर माझ्यासमोर मोबाइल धरून उभा होता आणि पडद्यावरून बाई सांगत होत्या, "टोक आणखी आत घ्या. अजून. पोटात जाऊ दे त्याच्या." सळया बांधणारा फिटर घामाघूम झाला, पण त्यानं रिंग न् रिंग तशीच वळवली. सळया साच्याला चिकटू नयेत म्हणून मध्ये सिमेंटचे छोटे ठोकळे बांधतात. त्यातला शेवटचा बांधताना त्याच्या हातातली तार संपली. त्यानं जवळ पडलेली निळी नायलॉनची दोरी उचलली आणि गाठ मारून टाकली.

"अगदी असाच हवा," बाई म्हणाल्या. "बाकीचे सगळे असेच करा."

बाकीचे असे झाले नाहीत. स्लॅबची तारीख मालकानं आधीच ठरवून टाकली होती आणि माझ्यासारखा एकेक खांब करत बसलं तर ती पाळता येणार नव्हती. मालक रोज येऊन सुपरवायझरचं डोकं खायचा. शेवटी सुपरवायझर फिटरला म्हणाला, "बाकीच्यांना नुसता काटकोन मार. आतून कोण बघायला जातंय?"

बाईंचा एक नियम होता. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खांबाचा फोटो पाठवायचा आणि फोटोत त्या खांबाचा क्रमांक लिहिलेली पाटी दिसली पाहिजे. नियम चांगला होता. पण खांब जागचा हलत नाही, पाटी मात्र कुठेही नेता येते, एवढं बाईंच्या ध्यानात आलं नाही. सुपरवायझरनं पाटीवर पुढचा आकडा लिहिला, पाटी माझ्याशेजारी धरली आणि फोटो काढला. मग आकडा पुसला, दुसरा लिहिला आणि मला वळसा घालून पलीकडून फोटो काढला. दुपारभर तो माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. कधी मला डावीकडून टिपलं, कधी खाली बसून. नवऱ्या मुलाचेसुद्धा कोणी इतके फोटो काढत नसेल.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "काम सुरेख झालंय हो. पण सगळ्या खांबांना ती निळी दोरी कसली?"

माझा जीव टांगणीला लागला. सुपरवायझरही क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "खूण आहे मॅडम. तपासून झालेल्या खांबाला आम्ही दोरी बांधतो."

"छान पद्धत आहे. माझ्या दुसऱ्या साइटवाल्यांनाही सांगते."

आणि त्यांनी खरोखर सांगितलंही. म्हणजे कुठल्या कुठल्या शहरांत लोक सळयांना निळ्या दोऱ्या बांधत बसले असतील. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

इमारत वेळेवर उभी राहिली. मालक खूश झाला आणि त्यानं तळमजल्यावरचं एक घर सुपरवायझरला देऊन टाकलं. तो बायकोला घेऊन तिथे राहायला आला. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात मी होतो. समोर खिडकीशी माझा एक भाऊबंद होता, काटकोनवाला. सुपरवायझरची बायको शिवणकाम करायची, आख्खी इमारत तिला वहिनी म्हणायची. उजेड हवा म्हणून तिनं आपलं मशीन खिडकीशी मांडलं. सुपरवायझरनं आपली खाट मात्र ओढत आणून मला टेकवली.

"अहो, हा काय अंधारा कोपरा निवडलात?" वहिनी म्हणाली. "खिडकीशी झोपा की. वारा लागेल."

"मला इथेच झोप लागते," तो म्हणाला.

त्याला इथेच झोप का लागते हे त्या घरात दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला. त्याची पाठ माझ्या पाठीला लागायची तेव्हा मला शिसारी यायची.

पुढे एका वर्षी वारा फारच माजला. कितीतरी दिवस इमारतीला धक्के देत होता. वहिनी खिडकीशी बसून एका परकराला शिलाई मारत होती, तेव्हा तिच्या मांडीवर चुना पडला. तिनं वर पाहिलं. खिडकीच्या खांबाला वरून तिरकी चीर गेली होती. तिनं तेव्हाच मशीन उचलून माझ्या शेजारी आणलं आणि दिवसासुद्धा दिवा लावून शिवायला लागली. नवऱ्यानं चिरेत पुट्टी भरली, वरून रंग मारला. थोड्याच दिवसांत चीर पुन्हा डोकं वर काढू लागली.

"त्या इंजिनीअर बाईंना फोटो पाठवा ना," वहिनीनं धोशा लावला. "त्यांनी सांगितलं ना, की मग मी गप्प बसेन."

मला वाटलं, आता तरी सुटका होईल. तो मोबाइल घेऊन खिडकीच्या खांबापुढे बराच वेळ उभा राहिला. चिरेचा फोटो गेला असता तर बाईंनी खांब फोडून बघायला सांगितलं असतं, आणि मग आतल्या रिंगा दिसल्या असत्या. खोटी पाटी बाहेर आली असती, नोकरी आणि हे घर, सगळंच गेलं असतं. वहिनी आत चहा टाकत होती. तो वळला, माझ्यासमोर आला आणि त्यानं माझा, माझ्या गिलाव्यावरच्या बारीक रेघेचा फोटो काढला.

बाईंचं उत्तर लगेच आलं. त्यानं ते वाचून दाखवलं. "खांब उत्तम आहे. गिलाव्याला केसासारखी रेघ दिसते, तिचं काही नाही. निश्चिंत राहा."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. ती उठली आणि मशीन खिडकीकडे ढकलू लागली.

"राहू दे ना इथेच," तो म्हणाला.

"का बरं? बाई म्हणाल्या ना उत्तम आहे म्हणून?"

 खरं उत्तर तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. तिला मशीन जड जात होतं, तेव्हा त्यानंच एक बाजू उचलून धरली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट दृश्य भूकंपाचं नाही, हे आहे.

भूकंप एका दुपारी आला. जेवून तो खाटेवर आडवा झाला होता आणि वहिनी खिडकीशी शिवत होती. जमीन आधी गुरगुरली आणि मग मागेपुढे हिसके देऊ लागली. माझ्या अंगावरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटलं, पण रिंगांनी पोटातलं काही बाहेर येऊ दिलं नाही. बाकीच्यांच्या रिंगा मात्र एकामागून एक उघडल्या. वरचे मजले खाली आले. त्या वेळी घरांत होती त्यांतली बरीच माणसं पुन्हा दिसली नाहीत. माझ्या कोपऱ्यातला स्लॅब तेवढा माझ्यावर टेकून राहिला. त्याच्या खालून सुपरवायझर रांगत बाहेर आला, अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

वहिनीला लोकांनी खणून काढलं. ती वाचली, पण तिचा उजवा हात मशीनसकट चिरडला होता. तो पुढे कापावा लागला. ढिगाऱ्यातून बाहेर काढलं तेव्हा तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "बाई म्हणाल्या होत्या ना, निश्चिंत राहा?"

काही दिवसांनी बाई आल्या. पहिल्यांदाच. हेल्मेट घालून ढिगाऱ्यातून वाट काढत थेट माझ्यापाशी आल्या आणि सोललेल्या अंगातून लोंबणारी निळी दोरी त्यांनी बोटांत धरली. मग पडलेल्या खांबांपाशी एकेक करून वाकून बघू लागल्या. शेवटी त्यांनी सुपरवायझरला विचारलं, "दोरी सगळ्यांना होती ना?"

"नाही मॅडम. एकालाच."

"आणि चिरेचा फोटो?"

"तोही याचाच," तो म्हणाला. त्याच्यामागे खांद्याला पट्टी बांधलेली वहिनी उभी होती. तिनं ते ऐकलं.  तिथूनच ती बहिणीच्या घरी गेली आणि नवऱ्याकडे परतली नाही.

बाई खाली बसल्या होत्या. "इतक्या वेळा बोलले मी यांच्याशी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एकदा नुसतं म्हणायचं होतं, मोबाइल जरा शेजारी फिरवा."

म्हणून मित्रांनो, मागणं एवढंच आहे. पुढे तुम्ही घरं बांधाल, तपासाल, कदाचित दूर बसून तपासाल. जे तुम्हाला हौसेनं दाखवलं जातं, त्याच्या शेजारचं मागून घ्या. तिथे कोणीतरी मशीन मांडून बसलेलं असतं.

आता मला नमुना म्हणून ठेवलंय. कॉलेजची मुलं मला बघायला येतात आणि सवयीनं मोबाइल वर करतात. मागच्या आठवड्यात वहिनीही कुंपणाशी आली होती. रिकामी बाही तिनं खोचून घेतली होती.

"याचे फार झाले रे," ती मुलांना म्हणाली. "तिकडचा काढा."

मुलांनी वळून पाहिलं. "तिकडे काहीच नाहीये, काकू."

"तेच काढा," ती म्हणाली.