बंद न होणारा बाण

अडतीस तास खेळून झाले होते आणि तो सोनेरी बाण अजून माझ्या डोक्यावर नाचत होता. डावीकडे वळ म्हणतो. वळले. पुढे जा म्हणतो. गेले. दार उघड म्हणतो, आणि खोलीला दार एकच. एका दाराच्या खोलीत दार कुठलं ते मला बाणाने सांगायचं. बेचाळीस वर्षांची बाई आहे मी. वीस वर्षं कपडे अल्टर करायचं दुकान चालवते, कोटाच्या अस्तरात कुणी कुठे टाका चुकवलाय ते बाहेरून हात फिरवून सांगते. मला खोलीतलं दार दिसतं.

बाण बंद करायचं बटण मी तीन दिवस शोधलं. आवाज कमी करता येतो, अक्षरं मोठी करता येतात, घोड्याच्या आयाळीचा रंग बदलता येतो, त्यात चौदा रंग आहेत. बाण बंद होत नाही.

‘अकरा किल्ल्या’ ही गेमची मालिका मी पहिल्या भागापासून खेळतेय. आपण एक भटका माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा ते आपलं आपण ठरवायचं, अधूनमधून मारामाऱ्या करायच्या आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक किल्ली मिळवायची. अकरा किल्ल्या जमल्यावर काय उघडणार, हे अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. पहिला भाग आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. त्याला घरात टिल्लू म्हणायचे. आता तो आमच्या दारातून वाकून आत येतो, पण नाव टिल्लूच राहिलंय.

खेळायचा तो आणि नकाशा काढायचे मी. आई शिवणकाम करायची, त्यामुळे कपड्यांचे बेत काढायचा खाकी कागद घरात भरपूर. तो जमिनीवर अंथरून मी शिवणाच्या खडूने भुयारं आखत बसायचे आणि टिल्लू अडकला की स्क्रीनवर बोट ठेवायचे, इकडे. भाग संपला की मार्क. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर दहापैकी आकडा लिहायचा, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि ते आकडे आईच्या मापवहीच्या मागच्या पानावर उतरवायचे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून कुणी मार्क वाढवले, तर त्याने आठवडाभर एकट्याने भांडी घासायची. हा नियम आईचा. तिला गेममधलं काडीचं कळत नव्हतं, पण उगाच छान छान म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा तिला भारी राग. बाहीला सुरकुती पडलेली दिसत असून छान म्हणतात, आणि पुन्हा म्हणून दुकानात फिरकत नाहीत. पाचव्या भागाला मी तीन दिले तेव्हा टिल्लू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, तीनच बरोबर आहेत.

आणि हा नववा भाग टिल्लूने केलाय. एकट्याने नव्हे, दोनशे माणसं होती, त्यातला एक. ज्या कंपनीचं नाव आम्ही गेमच्या डब्यावर बोट ठेवून वाचायचो तिथेच तो नोकरीला लागला, तेव्हा मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं होतं. त्यानंतर चार वर्षं त्याचं तोंड क्वचित दिसलं. गेम दुकानात आला त्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, यातली एक गोष्ट पूर्ण माझी आहे. कुठली ते सांगत नाही, तू ओळख. पंधरा दिवसांनी रविवारी जेवायला येतो, वही काढून ठेव."

"ठेवते. बरा आहेस ना?"

"मला दहाव्या भागाचा प्रमुख हो म्हणतायत. त्या रविवारनंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचंय. आम्ही चांगलं काम केलंय की माती खाल्लीये, तेच मला कळेनासं झालंय. इथे कुणी खरं बोलत नाही. तू मार्क खरे दे, मग मी ठरवतो."

म्हणून मी खेळत होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक. शेजारी खाकी कागद होता, पण त्यावर नकाशा नव्हता. नकाशा काढायला रस्ता चुकावा लागतो आणि हा बाण चुकू देईल तर ना. मग मी कागदावर तक्रारी लिहायला लागले. गावातली सगळी माणसं एकच वाक्य बोलतात, की वाटसरू, पुढचा रस्ता कठीण आहे, आणि पुढचा रस्ता माझ्या मोजपट्टीसारखा सरळ. गावच्या मुखियाला उत्तरं तीन देता येतात. मी तीनदा मागे जाऊन तिन्ही देऊन पाहिली. तिन्ही वेळा तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." लांडगे सात रंगांचे आहेत, पण चावतात सगळे सारखेच. आम्ही कापड बेततो तेव्हा शिवणीत थोडं जास्तीचं कापड दाबून ठेवतो, पुढे माणूस जाड झाला तर सोडता यावं म्हणून. या गेममध्ये कुठेच काही दाबून ठेवलेलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या मापाला पुरावा म्हणून इतका सैल शिवलाय की कुणाच्याच अंगावर बसत नाही.

शेवटी नववी किल्ली. राजवाडा पार केला, पेटी उघडली, तर पेटीत पाटी. किल्ली पुढच्या पुरवणीत मिळेल, पुरवणी सहा महिन्यांनी येईल, ती वेगळी विकत घ्यावी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, तो मागून वाचत होता.

"आमच्याकडे असं केलं तर माणसं तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकलेली असतात," तो म्हणाला आणि कामावर गेला.

या सगळ्यात एकच जागा वेगळी होती. डोंगरातल्या एका गावात विहिरीवर एक म्हातारी बसलेली असते. तिला रस्ता विचारला की ती उजवीकडे म्हणते. बाण डावीकडे दाखवत असतो. मी बाणाच्या रागाने उजवीकडे गेले. तिकडे तिचं घर, आणि घराच्या अंगणात एक तुटका दोर. म्हातारी मागून येते आणि म्हणते, "आलाच आहेस तर एवढी गाठ मारून दे, माझ्या बोटांनी होत नाही." गाठ मारली. बक्षीस नाही, तलवार नाही, काही नाही. मग ती म्हणते, "रस्ता डावीकडेच आहे रे." मी एकटीच मोठ्याने हसले. आई डोळे कमी झाल्यावर हेच करायची. कपडे तयार असायचे, तरी अजून पाच मिनिटं बसा म्हणायची आणि गिऱ्हाइकाकडून सुईत दोरा ओवून घ्यायची. हे टिल्लूचंच काम. माझा जीव भांड्यात पडला. बाकी गेम गेला उडत, पोराने आपलं काम चोख केलं होतं.

रविवारी टिल्लू आला. डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि शर्ट खांद्यावरून उतरत होता. वाळला की माणसाचे आधी खांदे सांगतात.

"ओळखलं," मी दारातच म्हणाले. "विहिरीवरची म्हातारी."

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "ती ऑफिसात माझ्या शेजारी एक बाई बसायच्या, त्यांची. आईचा तो सुईदोऱ्याचा किस्सा मीच त्यांना सांगितला होता. गेम यायच्या आधी दोन महिने त्यांना काढलं. गेममधून म्हातारीलाही काढणार होते, पण राहून गेलं."

"मग तुझं काय?"

"बाण," टिल्लू म्हणाला.

नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मी पंधरा दिवस त्या बाणाला काय काय म्हणाले होते, ते त्याने सगळं ऐकलं होतं.

"सोनेरी," टिल्लू म्हणाला. "दिसला असेलच."

"दिसला," मी म्हणाले.

आमच्याकडे कापायचं आणि जेवायचं टेबल एकच आहे. त्यावर माझा खाकी कागद पसरलेला होता. मी ताटं मांडायच्या निमित्ताने तो गोळा केला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले.

"ते तुझं बोट आहे, ताई," तो जेवता जेवता सांगायला लागला. "मी मीटिंगमध्ये सांगितलं, लहानपणी मी अडकलो की माझी बहीण बोट दाखवायची. सगळ्यांना एकदम पटलं. बंद करायचं बटण ठेवू म्हणत होते, मीच नको म्हणालो. बहिणीचं बोट कोण बंद करतं?"

मी पंधरा दिवस माझ्याच बोटाला शिव्या घालत होते.

जेवण झाल्यावर त्याने मापवही पुढे ओढली आणि चिठ्ठ्या फाडल्या. मी माझ्या चिठ्ठीवर तीन लिहायला घेतले. मग त्याचे ते खांदे दिसले. मी सहा लिहिले.

चिठ्ठ्या उघडल्या. त्याच्या चिठ्ठीवर दोन होते.

त्याने माझी चिठ्ठी स्वतःकडे ओढली. "लिहू वहीत?" त्याने विचारलं.

मी बसल्या जागी ताटं एकावर एक रचायला लागले.

"ऑफिसात सगळे सहा देतात," तो म्हणाला. "सहाच्या खाली कुणी जात नाही आणि नंतर जिन्यात वेगळंच बोलतात. चार वर्षं मी सहा ऐकतोय. पाच तास गाडीत बसून मी इथे आलो, ताई, आणि तूही मला सहाच देतेस."

तो उठून बूट घालायला लागला. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, पण त्याने नाडी बांधायला घेतली आणि ती त्याला धड बांधता येईना. मला लाज वाटली. आई असती तर तिने मला त्याच्यासमोर झापलं असतं.

"बस," मी म्हणाले. "भांडी माझी. आठवडाभर. आता हे ऐक."

मी बुडाखालचा कागद काढला आणि उभ्याने वाचून दाखवला. मुखिया, लांडगे, पेटीतली पाटी, काही सोडलं नाही. बाण अकरा ठिकाणी होता, अकराही ठिकाणी वाचला, शब्द होते तसे. टिल्लू एक बूट घालून ऐकत होता. अर्ध्यावर त्याने दुसरा बूट खाली ठेवला आणि टेबलाजवळ येऊन बसला.

"आणि माझ्या बोटाचं सांगू नकोस," मी म्हणाले. मला आता आवरत नव्हतं. "मी बोट कधी ठेवायचे? तू विचारल्यावर. त्याआधी मी तोंड मिटून बसायचे. हातात अख्खा नकाशा, रस्ता समोर दिसतोय, आणि तू पुन्हा पुन्हा त्याच भिंतीवर जाऊन आपटतोयस. माझ्या जिवाचं काय व्हायचं तुला माहितेय? एवढं करून तुला ते बोटच आठवलं."

वही ओढून त्याने स्वतःचे दोन लिहिले. माझ्या जागेपाशी पेन्सिल थांबवली.

"तीन," मी म्हणाले. "तिन्ही त्या म्हातारीचे."

त्याने तीन लिहिले.

मी भांडी घासायला घेतली. नियम म्हणजे नियम, तो मदतीला आला नाही. माझा खाकी कागद समोर ठेवून पहिल्यापासून वाचत बसला. नळाच्या आवाजात मला वाटलं, गेला की काय, म्हणून मी मान वळवून पाहिलं, तर तिथेच होता.

"ताई, दुसऱ्या भागातल्या त्या पाण्याच्या भुयारात मी रडलो होतो, आठवतंय? तू बोट ठेवायच्या आधी किती वेळ रडत होतो मी?"

"अर्धा तास."

"आणि तू नुसती बघत होतीस?"

"तू विचारलं नव्हतंस. आणि त्याआधी दोन भुयारं तू एकट्याने पार केली होतीस."

त्याने खडू घेतला. कागदाच्या कोऱ्या बाजूला ‘दहावा भाग’ असं लिहिलं, खाली ‘अर्धा तास’, आणि त्याखाली ‘विचारल्यावरच’. मग म्हातारी करणाऱ्या त्या बाईंचा नंबर फोनमध्ये शोधायला लागला.

"आणि बंद करायचं बटण ठेव, गाढवा," मी म्हणाले, आणि पुढचं ताट घेतलं.