तलावावरची निळी पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. माझ्या अंगावर काय लिहिलं आहे, हे मला पहिली तीन वर्षं ठाऊक नव्हतं. हसू नका. तुम्हाला तरी आरशाशिवाय स्वतःचं कपाळ कुठे दिसतं?

माझा जन्म चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा. जटपुरा दरवाज्याजवळ कय्यूम पेंटरचं दुकान होतं. त्याने घासलेटचे दोन रिकामे डबे कापले, ठोकून सपाट केले, निळा रंग दिला आणि एका कागदावर बघून बघून माझ्यावर पांढरी अक्षरं काढली. शेजाऱ्याने विचारलं, "काय लिहून राह्यला, कय्यूमभाऊ?"

"मराठी मले वाचता नाई येत," तो म्हणाला. "पन जसं कागदावर हाय तसंच उतरवतो. एकबी अक्षर वाकडं नाई जात."

अक्षरं खरोखर सुरेख उतरली. अर्थाची चौकशी मात्र दोघांनीही केली नाही.

मग एका साहेबांनी मला बैलगाडीत घालून सावली गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात नेलं. मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, संपून एक-दोन वर्षंच झाली होती. मालगुजाराचा तलाव आता कोणाचा, हे कोणालाच नीटसं उमगलं नव्हतं. पिण्याचं पाणी भरतात त्या घाटावर साहेबांनी मला सागाच्या खांबावर ठोकलं. दिवस भाताच्या रोवणीचे होते, सगळं गाव चिखलात. चार म्हशींखेरीज भेटायला कोणी नव्हतं, म्हणून साहेब तसेच परतले.

संध्याकाळी माणसं माझ्याभोवती जमली. वाचता कोणालाच येत नव्हतं. लटारूभाऊ त्यांच्यातले जाणते. दरवर्षी तलावाच्या कामाला तेच गावाला हाक देत. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं आणि सांगितलं, "सरकारची पाटी हाय. म्हंजे तलाव आता सरकारचा झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फुगून गेले. लोक माझ्याशी जपून वागत, माझ्यापुढे आवाज उतरवत. का, ते मला कळत नव्हतं, पण मान कोणाला नको असतो?

आता त्या गावाची एक रीत सांगते. तलावाच्या वरच्या अंगाला आखर होतं. सकाळी चरायला जाण्याआधी गावची गुरं तिथे गोळा होत. पावसाळ्याआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा आणि आखराच्या खालच्या कडेला मातीचा बांध घालायचा. त्यामुळे शेणामुताचं पाणी तलावात न येता बाजूच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, वळायचं. शेताला खत मिळे आणि तलाव नितळ राही. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

मी आल्यानंतरच्या उन्हाळ्यात कोणीच गेलं नाही. लटारूभाऊ खांद्यावर फावडं टाकून तलावापर्यंत आले, माझ्याकडे पाहिलं आणि माघारी फिरले. "सरकारी जाग्यावर फावडं लावलं तं धरून नेतीन," असं ते कोणाला तरी म्हणाले. मी गोंधळले. मी तर कोणाला अडवलं नव्हतं. की अडवलं होतं? माझ्या अंगावर नेमकं काय लिहिलं होतं?

पावसाबरोबर हिरवट-काळं पाणी तलावात उतरलं. दुसऱ्या वर्षी वास येऊ लागला. तलाव आता आपला नाही, अशा समजाने लोक माझ्याच खांबाला म्हशी बांधून त्या धुऊ लागले. मला मान मिळत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी नासत होतं. या दोन गोष्टींचा मेळ मला काही केल्या बसेना.

तिसऱ्या पावसाळ्यात लटारूभाऊंची नात धुरपता हगवणीने अंथरुणाला खिळली. चार वर्षांची पोर. तिची आई रंभा कोसभर चालून जंगलातल्या झऱ्याचं पाणी आणू लागली. आठ दिवसांत पोर उठून बसली. मग नाल्याला पूर आला, वाट बंद झाली, पुन्हा तलावाचं पाणी, आणि पोरगी पुन्हा आडवी. दोष तलावाच्या पाण्याचा आहे, हे रंभाच्या तेव्हा लक्षात आलं.

ती घाटावर सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, आखराचा बांध घाला."

"पाटी लागली हाय, बाई. आपल्या हातचं नाई राह्यलं."

"पाटीवर तसं लिवलं हाय का?"

लटारूभाऊंनी माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मीसुद्धा उत्तराची वाट पाहत होते.

पूर ओसरला तशी रंभाने दगडाने खिळे सैल करून मला उपटलं आणि भाजीच्या टोपलीखाली, डोक्यावर घेऊन सावलीचा बाजार गाठला. सरकारची पाटी उपटली होती तिने. वाटभर ती झपाझप चालत होती आणि वरती मी वाजत होते. कापडवाल्या नईमभाऊंना वाचता येई. तिने मला त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी सावकाश वाचलं, "हे पाणी पिण्याचे आहे. गावाने ते स्वच्छ राखावे."

"गावानं?"

"गावानंच लिवलं हाय, बाई."

"आन् सरकार?"

"सरकारचं इथी नाव नाई."

रंभाने मला परत टोपलीखाली घेतलं. रडू की हसू, तिचं तिलाच कळेना. तीन वर्षं मी हेच ओरडत होते, आणि माझ्याच भीतीने गाव हात बांधून बसलं होतं.

घरी आल्यावर तिने ते वाक्य सासऱ्याला ऐकवलं. "हे तं आमी करतच होतो," लटारूभाऊ हळूच म्हणाले. मग त्यांनी गावाला हाक दिली आणि भर पावसात आखराला बांध पडला. पाणी काही लगेच नितळलं नाही. तो सगळा पावसाळा रंभा झऱ्यावरच जात राहिली. धुरपता वाचली, पण खूप वाळली.

लटारूभाऊ मला परत खांबावर लावणार होते. रंभा म्हणाली, "नोका लावू. पाटी पाह्यली का मानसं निजतेत." मला ते लागलं. पण खोटं होतं असं म्हणवत नाही. तलाव माझ्यामुळे नासला की माझ्यामुळे वाचला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या पाण्यापाशी पाटी असेल, तर ती कोणाकडून तरी वाचून घ्या. नसेल, तर तिची वाट पाहू नका. फावडं उचला.