बाटलीचा वास

ओढ्याचं पाणी फुकट तपासतो म्हणून गल्लीनं त्याला काही डोक्यावर घेतलं नव्हतं. उलट 'ओढ्याचा जावई' म्हणून पाठीमागे हसायचे. त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर पालिकेनं स्वयंसेवक म्हणून तपासणीची पेटी दिली, तेव्हापासून दर रविवारी स्वारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. बाटलीत पाणी घ्यायचं, पेटीतल्या औषधाची पुडी टाकायची, पाच मिनिटं थांबायचं. पाणी निळं झालं की साबणाचं फॉस्फेट ओढ्यात उतरतंय असं धरायचं. आणि निळं झालं की त्याला मनातून बरं वाटायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

कारण काठावरची शेड सख्ख्या मोठ्या भावाची होती, आणि दादाचं चांगलं चाललेलं त्याला आयुष्यात कधी बघवलं नाही. दादा तिथे गाड्या धुवायचा. गेल्या वर्षी तीनदा पाणी निळं निघालं आणि पालिकेनं शेडला कुलूप ठोकलं. दादानं एवढंच मागितलं होतं, "एकदा माझ्यासमोर तपास." यानं फटकन तोडलं, "मला शिकवू नकोस." दादा परगावी पहारेकऱ्याच्या नोकरीवर गेला. दोघांचं बोलणं तेव्हाच संपलं. वहिनीनं खेटे घालून कुलूप काढवलं आणि तिथेच लॉण्ड्री टाकली. आता तिचंही दोनदा निळं निघालं होतं. आज तिसऱ्यांदा निघालं, की उद्या पुन्हा कुलूप.

वहिनी सकाळपासून काठावर उभी होती.

"भावोजी, आज माझ्यासमोर."

"बघा की. तुमचं तोंड बघून पाणी रंग बदलणार आहे का?"

"आधी शेडच्या वरचं घ्या. तिथे माझा एक थेंब पोचत नाही."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं वर जाऊन पाणी आणलं. पाच मिनिटांत निळं. वरच्या अंगाला नुसती झाडी, ना घर ना मोरी.

"कोणीतरी धुतलं असेल काहीतरी," तो म्हणाला.

"कोणी, पाखरांनी?"

वहिनीनं पेटीतली दुसरी कोरडी बाटली उचलली, झाकण काढून नाकाशी धरली. "लिंबाचा वास. माझा दिवस साबणात जातो, भावोजी. माझ्याकडचा बिनवासाचा, फॉस्फेट नसलेला असतो. हा कुठला?"

"बाटल्या मी स्वतः धुतो, पावडर लावून. दवाखान्यात तीस वर्षं अशाच धुतल्या. मला कोणी नाव ठेवलं नाही."

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तिनं बोट ठेवलं. बाटलीला साबण लावू नये. ज्या पाण्याची तपासणी, त्याच पाण्यानं तीनदा विसळावी. हे झाकण तो दर रविवारी उघडत होता. पण बाटल्या धुण्यात आपला हात कोण धरणार, म्हणून कागद वाचायच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता.

वहिनीनं पिशवीतून पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली काढली. "हे घाला आता या लिंबाच्या वासाच्या बाटलीत."

विकतचं पाणीसुद्धा निळं झालं. मग वहिनीनं पेटीतली, धुवायची पावडर कधीच न लागलेली कोरी बाटली घ्यायला लावली, तीनदा विसळायला लावली, आणि शेडच्या अगदी खालचं पाणी भरायला लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी होतं तसंच राहिलं.

"उद्या पालिकेत सांगतो," तो खाली बघत म्हणाला.

"पालिकेत जालच. मीच नेईन. आधी त्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा ना, वहिनी."

"माझ्या तोंडानं नाही."

तिनं नंबर लावून फोन त्याच्या ओल्या हातात दिला.

"बोल गं," पलीकडून दादा म्हणाला.

"मी आहे, दादा." "बाटलीलाच साबण होता. तुझ्या वेळीही तीच बाटली."

दादानं फक्त विचारलं,

"आज तपासलंस?"

"हो."

"कोणासमोर?"

"वहिनींसमोर."

"तिच्यासमोर तपासलंस," दादा म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.