तिरका समुद्र

दादाची गोष्ट अबाकाच्या झाडापर्यंत पोचली, तेव्हाच धाकटीने ओळखले, की थिएटरच्या बाईंची आता सुटका नाही.

"दिसायला अगदी केळ, बरं का बाई," दोरांच्या वेटोळ्यावर तळहात ठेवून दादा सांगत होता. "पण केळं म्हणून तोंडात टाकाल तर नुसत्या बिया. सगळं मोल खोडात. त्याचे पदर सोलायचे, खरवडायचे, वाळवायचे, की निघाला हा सोनेरी धागा. वाढतो कुठं? तर पावसात निथळणाऱ्या बेटांच्या उतारांवर. आणि नाव काय? मनिला! का, तर जहाजं त्या शहराच्या बंदरात भरायची. शहरानं केलं काय? धक्क्यावरून ढकललं. पण नाव मात्र—"

"दादा, माझा समुद्र तिरका झालाय," बाई म्हणाल्या.

दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे उजेड पोचतो तो थकूनच, तिथे धाकटी दोराच्या टोकाला डोळा, म्हणजे कडीसारखा पक्का फासा, गुंफत बसली होती. लाकडी सुळ्याने पीळ उकलायचा, एकेक पदर आत ओवायचा, आवळायचा. ही गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली होती, की तिच्यातल्या स्वल्पविरामांचाही तिला वीट आला होता. डोंगराने वाढवायचे आणि बंदराने मिरवायचे, हे वाक्य दादाच्या जिभेवरून रोज जात असे, आणि जाताना जिभेला कधी टोचत नसे. या दुकानातला प्रत्येक डोळा, प्रत्येक सांधा तिच्या बोटांचा. गिऱ्हाईक म्हणे, दादांचा दोर. दादा मान तुकवून म्हणे, असू द्या, असू द्या.

तेही तिने गिळले असते. पण थिएटरात रंगमंचाच्या वर दोर सांभाळणारे काका नुकतेच निवृत्त झाले होते. ती जागा तिला हवी होती. इतके काही तिने बऱ्याच वर्षांत मागितले नव्हते. बाईंचा व्यवहार दादाशी, म्हणून तिने त्यालाच शब्द टाकायला सांगितले. "टाकतो की!" तो म्हणाला. त्याने टाकलाही, स्वतःसाठी. भाजी निवडता निवडता वहिनीच्या तोंडून ते निसटले. धाकटी जाब विचारायला गेली, तर हा हसला. "अगं, मी म्हणजे आपण दोघंच ना!"

"रंगाऱ्यानंच वाकडा रंगवला असेल," आता तो बाईंना सांगत होता.

"हवा दमट आहे," धाकटी मागून म्हणाली. "लांबचा दोर जास्त आखडलाय."

"ही आमची धाकटी," दादा कौतुकाने म्हणाला, जणू तिने एखादे बडबडगीत म्हणून दाखवले होते.

बाईंनी पर्स उचलली. "आज तालमीत समुद्र सरळ करून दाखवा. जागेचं मग तिथंच ठरवू."

पिशवी धाकटीनेच उचलली. वाटेत दादा दिसेल त्याला नमस्कार करत चालला होता, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात भांडत होती. असल्या भांडणात समोरचा फार सोयीचे बोलतो, हे कळत असूनही.

थिएटरात समुद्र खरोखरच कलंडला होता. तीन दोरांवर टांगलेला भलामोठा रंगवलेला पडदा. डावीकडे पाणी रंगमंचाला टेकलेले, उजवीकडे वीतभर उचललेले. समोर नायिका निरोपाचे वाक्य म्हणत होती आणि तिची मान नकळत क्षितिजाबरोबर वाकत होती. रंगारी सपाटी मोजायची पाणसळ घेऊन वाटच पाहत होता.

"माझं क्षितिज वाकडं म्हणालात?"

"तसं नाही, पण कधीकधी हात—"

"माझा हात सरळ आहे! तुमचा दोर प्यायलाय!"

दादा शिडी चढला. फार सावकाश चढला. डाव्या भिंतीलगत उंचावर लाकडी सज्जा होता आणि तिन्ही दोर आढ्याच्या कप्प्यांवरून येऊन तिथल्या खुंट्यांना बांधलेले होते. डाव्या टोकाचा सगळ्यांत आखूड, मधला त्याहून लांब, उजव्या टोकाचा सगळ्यांत लांब. दमट हवेत मनिला दोर आखडतो, आणि जितका लांब तितका जास्त. म्हणून उजवे टोक वर गेले होते. लांबचा दोर थोडा सैल सोडला की संपले.

समुद्राचे डावे टोक वर गेले.

"दादा, ओढू नकोस, सोड!" धाकटी खालून ओरडली.

मधला भाग वर गेला. मग उजवे टोक आणखी वर. मग पुन्हा डावे. लाटांखालून मागच्या भिंतीच्या विटा दिसू लागल्या, आणि विटांपुढे चहा पीत उभ्या असलेल्या दोन नटांचे पाय.

"माझा समुद्र निघाला कुठं?" रंगारी किंचाळला. बाईंनी कपाळाला हात लावला.

धाकटीने पदर खोचला आणि शिडी धरली. प्रत्येक पायरीला ती एकेक वाक्य तयार करत गेली, आणि वर पोचेपर्यंत तिच्याजवळ वर्षानुवर्षांचा ऐवज जमला होता. पण सज्जात पाय ठेवला आणि तिला दादा दिसला. डाव्या हाताने त्याने कठडा असा कवटाळला होता, की बोटे पांढरी पडली होती. डोळे मिटलेले. उजवा हात आंधळ्यासारखा दोर चाचपत होता. वाळूच्या पोत्यांनी तोललेला पडदा एका हाताने ओढता येत होता. सोडायला दोन्ही हात लागतात. आणि दुसरा हात त्याच्याकडे नव्हता.

"तुला उंचीची भीती वाटते?"

"हळू बोल."

"आणि ही जागा मागितलीस? इथली?"

"दुकानात लोक गोष्ट ऐकतात आणि जाताना नायलॉन घेतात, पुढच्या गल्लीतून," तो डोळे न उघडता म्हणाला. "मला वाटलं, इथं तरी मनिला लागतोच. वर तू करशील, खाली मी बोलेन. चाललंय तसंच."

"चाललंय कुणाचं, दादा?"

तयार केलेली वाक्ये तिला आता फार जड वाटू लागली, आणि ती टाकून द्यायचाही तिला राग आला. निदान भांडायला तरी माणूस धड मिळावा! तिने खुंटीवरचा वेढा काढला, दोन्ही हातांनी भार पेलला आणि दोर हळूहळू सोडला. मग मधला, मग डावा. पुन्हा लांबचा, बोटभर. समुद्र उतरला, विटा बुडाल्या, पाय बुडाले. क्षितिज आडवे झाले.

खाली टाळ्या पडल्या. "शाबास, दादा!" बाईंचा आवाज आला. दिव्यांच्या झोतामागे सज्जा अंधारा होता. सगळ्यांच्या नजरा समुद्रावर होत्या, धाकटी वर चढल्याचे कुणी पाहिलेच नव्हते; खालून फक्त दोर दिसत असणार. "कसं सरळ केलंत!"

धाकटीने दादाकडे पाहिले. त्याने डोळे उघडले. ती वाट पाहत राहिली.

"असू द्या, असू द्या," दादा म्हणाला.

तिच्या कानशिलात काहीतरी ताडकन तुटले. तिने दोर खुंटीला गुंडाळला आणि हात पदराला पुसले.

"आता समुद्र वर घ्या, पुढचा प्रवेश जंगलाचा!" बाई ओरडल्या. "दादा, चटकन!"

"घे, दादा," धाकटी कुजबुजली. "तुला सांगतायत."

"अगं, घे ना तू."

"मी कोण? मी तर वर आलेच नाहीये." ती फळ्यांवर मांडी घालून बसली.

"धाकटे, चेष्टा नको."

"समुद्र वर घेशील, पण जंगलाचा पडदा खाली सोडायचाय. दोन्ही हातांनी. कठडा सोड आधी."

खाली नायिका ताटकळत उभी होती. बाईंनी पुन्हा हाक मारली, आता त्यात धार होती. दादाने दोराकडे पाहिले, मग फळ्यांच्या फटीतून खालच्या रंगमंचाकडे, आणि त्याचा चेहरा जुन्या कागदासारखा झाला.

"बाई," अखेर तो ओरडला, आणि आवाज फाटला, "मला खाली यायचंय. शिडी धरायला कुणाला तरी पाठवा."

"आणि वर कोण?"

दादाने ओठांवरून जीभ फिरवली. "धाकटी. समुद्र तिनंच सरळ केला." मग, जणू कुणी पिळून काढावे तसे: "दोरही तिचेच असतात. सगळे."

एक मजूर शिडी चढू लागला. दादा पाठमोरा होऊन पहिली पायरी पायाने शोधत होता. धाकटीने त्याच्या दंडाला घट्ट धरले, पाऊल टेकेपर्यंत.

"रागावलीस?" त्याने विचारले.

"खूप. खाली बघू नकोस."

"अहो वरच्या बाई!" खालून हाक आली. "जंगल येतंय ना?"

धाकटी उठली. "येतंय! त्या दोन नटांना पडद्यामागून हलवा आधी, नाहीतर डोक्यावर पडेल!"