विनोदिनीबाईंच्या नावाचा बगीचा

"इधर दौड़ना मना है, अम्मा," चौकीदार म्हणाला. "ओलंपियन मैडम का बगीचा है ये."

विनोदिनीबाई फाटकासमोर उभ्या होत्या. हातात चुन्याच्या फक्कीचा डबा होता, गळ्यात शिट्टी. मागं मुली केस बांधत, बुटांच्या नाड्या आवळत उभ्या होत्या. पुरतं उजाडलंही नव्हतं. तेलीबांधा तलावाकडून गार वारा येत होता, आणि कालपर्यंत जिथं नुसते दोन खांब होते तिथं हिरवं लोखंडी फाटक बसलं होतं. त्याला कुलूप.

"कौन मैडम?" बाईंनी विचारलं.

"हम का जानें? होगी कोई. मर गई होगी, तभी तो नाम लगाए हैं."

मागं एक मुलगी फिसकन हसली. मग तिची नजर भिंतीकडे गेली आणि तिनं तोंडावर हात धरला. फाटकाशेजारच्या भिंतीत काळा दगड बसवला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं: ओलंपियन विनोदिनी उमरेडकर उद्यान. खाली पत्र्याची पाटी. दौड़ना, खेलना और सीटी बजाना मना है. केवल सोसायटी के सदस्यों हेतु.

बाईंनी पाटी दोनदा वाचली. मागं वळून मुलींकडे पाहावं, तर त्यांची मान वळेना.

"दीदी," फुलेश्वरी हळू आवाजात म्हणाली, "ये क्या है?"

"मले पाहू दे," बाई म्हणाल्या. मुलींशी त्या नेहमी हिंदीत बोलत. त्या सकाळी तोंडातून आधी मराठी निघाली, मग हिंदी. "तुम लोग आज घर जाओ. मैं बात करती हूँ."

ही जागा म्हणजे स्नेहधाम सोसायटीच्या मागचा मोकळा तुकडा. रायपूर राजधानी झालं तेव्हा इथं नुसती बाभळी होती आणि फुटक्या विटा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर, पतीच्या माघारी, विनोदिनीबाई पहाटे एकट्याच इथं चालायला येत. आसपासच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या पोरी कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. एक दिवस बाईंनी एकीला पळायला लावलं, आणि मग थांबायचं कारण उरलं नाही. दोरी आणि खुंटी घेऊन त्यांनी मुरमावर लंबगोल आखला. चारशे मीटर बसत नव्हते, दोनशेच बसले. रोज पहाटे फक्कीनं रेषा मारायच्या, त्या दुपारपर्यंत गाईगुरं पुसून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायच्या. त्या रेषांवरून पळून काही मुली पोलिसात लागल्या. एक खाकी घालून पेढे घेऊन आली, तेव्हा बाकीच्या पोरींनी तिची टोपी आळीपाळीनं घालून पाहिली होती. आता फुलेश्वरीची पाळी होती. भरतीची दौड महिन्यावर आली होती.

आणि म्हणूनच, अच्युत जेव्हा म्हणाला की सोसायटी जागेला भिंत बांधते, नळ आणते, दिवे लावते, फक्त तुमचं नाव द्यायचं, तेव्हा बाईंनी त्याला होकार दिला आणि मुलींना शब्द दिला. आपलं मैदान पक्कं होणार. दोन रविवार मुली आणि त्यांच्या आया घमेली घेऊन आल्या. दगड वेचले, बाभळीची खोडं उपटली, मुरूम पसरला. दुपारी झाडाखाली बसून बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा खाल्ला. बाईंनीही त्यांच्यातच बसून खाल्लं.

अच्युत त्यांचा धाकटा दीर, सोसायटीचा सेक्रेटरी. पण नात्यानं दीर म्हणून त्याची ओळख संपत नाही.

नवी सून असताना विनोदिनी पहाटे पळायला निघे, तेव्हा सासरे अंगणात खुर्ची टाकून बसत, रागानं दाराकडे पाठ करून. पती रेल्वेत गार्ड, सदा गाडीवर. कॉलेजात जाणारा अच्युत तेवढा दूध आणायच्या निमित्तानं सायकल काढायचा आणि अंधाऱ्या रस्त्यावर बॅटरी धरून तिच्या बाजूनं चालवायचा. कुत्री आली की ओरडायचा, माणसं आली की आणखी ओरडायचा. दूध आणायला एवढा वेळ का लागला, म्हणून त्यानं बापाच्या हातचा मार खाल्ला. आठशे मीटरसाठी भारताच्या संघात तिचं नाव आलं, तेव्हा पेपर घेऊन तो स्टेशनपासून घरापर्यंत पळत आला होता.

ऑलिंपिकमध्ये ती पहिल्याच फेरीत बाद झाली. मैदानाच्या दुसऱ्या चकरेत आतल्या कडेला कोंडली गेली, कोपर लागलं, तोल गेला, शेवटी आली. रायपूरला परतली तेव्हा फलाटावर हार घेऊन अच्युत एकटा होता. मोहल्ल्यात कोणी तोंड वाकडं केलं की तो म्हणे, "माझी वहिनी शेवटी आली, पण ऑलिंपिकात शेवटी आली. तुम्ही कुठं आले ते सांगा."

त्याच अच्युतच्या घराची बेल बाईंनी दाबली.

"या, या वहिनी! पद्मजा, चहा टाक. वहिनी आल्या." अच्युत बनियनवर होता, हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. "मीच येणार होतो. रविवारी सकाळी मंत्री येऊन राहिले. फीत तुमच्याच हातानं."

"अच्युतभाऊजी, पाटी काहून लावली?"

"कोणती पाटी?"

"पळायचं नाही म्हणून."

"अं, ते होय." तो खुर्चीत बसला. "तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या? ते कमिटीचं असते."

"तुम्ही मले काय म्हणाले होते? भिंत होते, नळ येते, लाइट लागते."

"मग झालं ना सगळं! भिंत आहे, नळ आहे, लाइट आहे."

"पोट्ट्या नाहीत."

पद्मजा चहाचा कप ठेवून तिथंच उभी राहिली. अच्युतनं घसा साफ केला.

"वहिनी, लोकांचंही पाहावं लागते. अंधारात शिट्टी वाजते, म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते. अन् खरं सांगू? ज्या पोट्ट्या आपल्या घरी भांडे घासतात त्याच खिडकीखाली हाफपँट घालून पळतात. लोकांले कसंतरीच होते."

"हे मले आधी काहून नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाव देऊ दिलं असतं का?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. बाईंनाही कळलं. बगीच्याची फाइल महापालिकेत दोन वर्षं अडली होती; तिथं गरीब मुली सराव करतात, असा कोणीतरी शेरा मारून ठेवला होता. मग अर्जावर ऑलिंपियनचं नाव लागलं. खुद्द वहिनींचीच इच्छा आहे, असं अच्युतनं सांगितल्यावर कोण अडवणार? महिन्यात मंजुरी आली.

"म्हणजे मैदान माझ्याच नावानं गेलं," बाई म्हणाल्या.

"गेलं कुठं? नाव अमर झालं तुमचं! रायपुरात किती मराठी माणसांच्या नावानं बगीचा आहे, सांगा बरं."

"माझं नाव काढा."

"ग्रॅनाइट आहे, वहिनी. खोडरबरनं निघते का?" तो हसला. पद्मजा हसली नाही. मग त्याचा आवाज खाली आला. "पुढच्या वेळी वॉर्डातून माझ्या तिकिटाचं चालू आहे. मंत्र्यासमोर तुम्ही नसाल तर बरं नाही दिसत. तुमच्यासाठी मी बाबांच्या हातचा मार खाल्ला, वहिनी. मी कधी काही मागितलं? हे एक मागून राहिलो."

मार त्यानं खरंच खाल्ला होता. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. जिन्यापर्यंत पद्मजा मागं आली. "ताई, मी म्हटलं होतं यांना," एवढंच पुटपुटली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईच त्यांच्या पाऱ्यात, झोपड्यांच्या वस्तीत गेल्या. हातपंपाशी फुलेश्वरी बादली भरत होती. बाईंना पाहून तिनं दांडा सोडला नाही.

"फुलेश्वरी, मैं दूसरी जगह देख रही हूँ."

"हव दीदी."

"मुझे सच में मालूम नहीं था."

दांडा थांबला. "आपका नाम लिखा है, दीदी. पत्थर पे. और आप ही को मालूम नहीं था?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आप बोले, पत्थर उठाओ, अपना मैदान बनेगा. मेरी माँ काम की छुट्टी करके घमेला उठाई. उसी सोसायटी में झाड़ू-बर्तन करती है वो. अब वही लोग उसको बोलते हैं, तुम्हारी मैडम तो अपना बगीचा बनवा ली."

आपण तिच्या जागी असतो तर विश्वास ठेवला असता का, असा विचार बाईंच्या मनात आला, आणि ठेवला नसता हेही कळलं.

फुलेश्वरीची आई झोपडीतून बाहेर आली. तिनं तांब्या भरून पुढं केला. "पानी पी लव, दीदी." बाई उभ्यानंच पाणी प्यायल्या.

"और प्रैक्टिस?" त्यांनी विचारलं.

"रिंग रोड में दौड़थें सब झन," आई म्हणाली. "ट्रक के बीच में. मोला तो डर लागथे."

रविवारी पहाटे विनोदिनीबाई रिंग रोडवर गेल्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक एकामागं एक धावत होते. काळी धूळ दिव्यांच्या उजेडात तरंगत होती. मुली कडेच्या पट्टीवरून पळत होत्या. एका जागी पुलाच्या कामासाठी पट्टी खणली होती, आणि तिथं त्यांना डांबरी रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागे. प्रत्येक फेरीला त्या तिथं थबकत, ट्रकांकडे पाहत, जीव मुठीत धरून पळत सुटत. अशानं दम कसा बसणार? लय तुटली की दौड तुटते.

बाईंनी साडीचा पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ट्रकांकडे तोंड केलं. उजवा हात वर उचलला.

पहिला ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ए बुढ़िया! मरने का शौक है क्या?"

पिशवीत फोन वाजू लागला. उद्घाटनाला न्यायला अच्युतची गाडी घराशी आली असणार. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मागच्या ट्रकांनी भोंगे लावले.

फुलेश्वरी सगळ्यांत पुढं होती. या वेळी ती थबकली नाही. बाईंच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, आहे त्याच वेगानं गेली. बाकीच्याही गेल्या, एकीमागून एक. बाईंना त्यांचे श्वास ऐकू आले. कोणी दीदी म्हटलं नाही.

"अब हटो भी!" ड्रायव्हर ओरडला.

"रुको," विनोदिनीबाई म्हणाल्या. "एक और आ रही है."

मागं राहिलेली एक बुटकी पोरगी अजून बरीच लांब होती. धापा टाकत, एका बुटाची नाडी सुटलेली, ती येत होती. बाई हात वर धरून उभ्या राहिल्या.