बोगद्यातलं गुपित

आमच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचं टेंडर दोनदा निघालं आणि दोनदा फसलं. भरणारे ठेकेदार चारच, आणि चौघांचेही दर अंदाजपत्रकाच्या वर. कुणी किती भरायचं ते आपसांत आधीच ठरलेलं, कामाची पाळीही लावलेली. आता तिसऱ्यांदा तसंच झालं तर प्रकल्प गुंडाळू, असं वरून बजावलं होतं. त्या डोंगरावर मोजमापं घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. तो प्रकल्प गुंडाळलेला मला बघवला नसता.

टेंडर भरण्याआधी जागा पाहणं सक्तीचं. चौघंही एकाच जीपमधून यायचे, एकाच थर्मासमधला चहा प्यायचे आणि वर मलाच विचारायचे, "मॅडम, यंदा स्पर्धा जोरात ना?" तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून या वेळी मी नवा नियम काढला. चाचणीसाठी खणलेल्या बोगद्यात एकेकट्याने यायचं. तिघांना मी खडक दाखवून झटपट बाहेर काढलं. चौथे सगळ्यांत वयस्कर, त्यांना सगळे दादा म्हणायचे. आत येता येता त्यांनी गुडघा धरला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यांना खडक दाखवला, मग एका दगडावर बसवलं आणि गुडघ्याची चौकशी केली. झालं! दादांचा बांध फुटला. सुनेपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. माझ्या आईला लागू पडलेला व्यायाम मी करून दाखवला, तेव्हा तर ते खदखदून हसले. ते हसणं बाहेर चांगलंच घुमलं असणार.

बाहेर तिघं चहा गार करत उभे. यंदा काम मिळवायची पाळी त्यांतल्या मिशीवाल्याची होती, त्यामुळे त्याचाच चेहरा जास्त उतरलेला.

"दादा, एवढा वेळ काय चाललं होतं?"

"गुडघ्याचं," दादा म्हणाले.

"गुडघ्याचं?"

मी फक्त एवढंच म्हटलं, "दादा, सांगितलं तसं करा. फायदा तुमचाच आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं! जाताना जीपमध्ये कुणी तोंड उघडलं नाही, असं त्यांच्या ड्रायव्हरनेच मला नंतर सांगितलं.

शेवटी सभागृहात लिफाफे उघडले. मिशीवाल्याने दर उतरवला होता. उरलेल्या दोघांनी त्याच्याहूनही जास्त उतरवला होता. आणि हे तिघं आता उतरवणार हे ओळखून दादांनी सगळ्यांच्या खाली भरला होता, अंदाजपत्रकाच्याही जरासा खालीच. माझा प्रकल्प वाचला. आनंदाने मला ओरडावंसं वाटत होतं, पण साहेब समोर होते.

दादा माझ्यापाशी येऊन थांबले.

"मॅडम, इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं."

"मग?"

"तेवढंच कुणाला पटलं नाही."

माझ्याकडे रागाने बघत ते वळले आणि जिना उतरून गेले. कठड्याला हातही न लावता.