मेंढीची चरबी आणि इसाकचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची पेटी आहे. माझ्या पोटात सिनेमाचा कॅमेरा बसायचा आणि समुद्राखाली त्याला कोरडं ठेवणं हे माझं काम. केपटाऊनच्या एका लेथवाल्याने मला घडवलं. माझ्या झाकणाच्या खाचेत एक रबरी कडं असतं. पाण्याचा दाब वाढतो तसं ते आणखी घट्ट बसतं. माझी सारी अब्रू त्या कड्यात.

आमचा सिनेमा आफ्रिकान्स भाषेतला, मारामारीचा. नायक पाण्याला घाबरायचा, म्हणून इसाक फोर्टेन नावाचा कोळी त्याच्या जागी बुडी मारायचा. तोच मला खाली नेऊन खडकावर बसवायचा, खटका दाबायचा आणि माझ्यासमोर झुंजायचा. तोंड मात्र दाखवायचं नाही. नायक गोरा होता, इसाक नव्हता. पण त्याचं नाव पडद्यावर द्यायचं दिग्दर्शकाने कबूल केलं होतं.

"बायको म्हणते, पडद्यावर दिसशील, घरात कधी दिसणार?" इसाक हसून सांगायचा.

शेवटची बुडी रविवारी ठरली. कॅमेरामन मालेर्ब कड्याला लावायच्या ग्रीसचा डबा शहरात विसरले होते आणि रविवारी त्या किनाऱ्यावरच्या गावात एकही दुकान उघडत नसे. त्यांनी जेवणाच्या तव्यातली मेंढीच्या शेपटीची चरबी कड्याला चोळली.

"साहेब, ही गार पाण्यात गोठते," इसाक म्हणाला.

"तू मासे सांभाळ. कॅमेरा मला कळतो."

पाणी बारा अंशांचं होतं. चरबीचे गोळे झाले, कडं नीट बसेना, आणि मी गळले. इसाकने श्वास रोखून केलेली दोन मिनिटांची झुंज खाऱ्या पाण्यात गेली.

वर आल्यावर मालेर्ब यांनी पांढरे गोळे अंगठ्याने गुपचूप पुसले. "याने खडकावर आपटली," ते दिग्दर्शकाला म्हणाले.

"तान्ह्या लेकरासारखी नेली हो मी तिला."

"मग हा पोचा कसला?" मालेर्ब यांनी माझ्या अंगावर बोट ठेवलं.

तो पोचा महिनाभर जुना होता, मालेर्ब यांच्याच हातून पडलेला. पण माझंच अंग इसाकविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. सिनेमात त्याच्या आधीच्या बुड्या आहेत, त्याची पाठ आहे, नाव नाही.

आता मी एका कॉलेजच्या कपाटात असते. खालच्या पाटीवर लिहिलंय, 'कधीही न गळलेली पेटी. कॅमेरा: मालेर्ब.' मुलं कौतुकाने मला थोपटतात, तेव्हा शरमेने जीव नकोसा होतो.

मित्रांनो, यंत्राला त्याचंच ग्रीस द्या. ते बिघडलं तर आधी त्याचं कडं तपासा, मगच माणसाकडे बोट करा. आणि कुणी इथे आलात, तर ती पाटी फिरवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहा: इसाक फोर्टेन.